नेम, दुर्बीण आणि रेषांची फुली



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजले जाते, त्यांनी या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकविले. म्हणून यंदाच्या व्याख्यानासाठी मी असा विषय निवडला आहे की, जो क्रीडांगणातला वाटतो, परंतु ज्याची मुळे प्रयोगशाळेत आहेत. स्पर्धात्मक नेमबाजीत वापरल्या जाणाऱ्या दुर्बिणी, आणि त्या दुर्बिणीत दिसणारी रेषांची फुली, म्हणजेच 'रेटिकल', हा तो विषय होय.

हा विषय आजच निवडण्यास कारण आहे. २९ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात भारतीय संघाने सुवर्णपदक मिळविले. त्या संघातील तिघांपैकी ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर हा आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातील रतनपूर गावचा, स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा, आणि तिसरा अखिल श्योराण. पुढे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुसाळे याने याच प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक पटकाविले. या प्रकारातील ते भारताचे पहिले ऑलिंपिक पदक. तेव्हापासून शनवाऱ्यातील पालक मला विचारू लागले आहेत, "मुलाला नेमबाजी शिकायची आहे, दुर्बीण कोणती घ्यावी?" यंत्रमागावर दिवसरात्र राबून साठविलेल्या पैशाचा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर नीट मिळाले पाहिजे.

उत्तराचा पहिला भाग पुष्कळांना चकित करील. कुसाळे व तोमर यांच्या रायफलीवर दुर्बीण नव्हतीच. ऑलिंपिकमधील १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल या दोन्ही प्रकारांत रायफलीवर दुर्बीण बसविण्यास आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनी मनाई आहे. ५० मीटर प्रकारात गोळी कोठे लागली हे पाहण्यासाठी शेजारी तिपाईवर वेगळी दुर्बीण ठेवता येते, एवढेच. 'धावते लक्ष्य' हा एक प्रकार मात्र असा होता की, त्यात रायफलीवर दुर्बीण चालत असे. १० मीटर अंतरावरील तो प्रकार १९९२ ते २००४ या काळात ऑलिंपिकमध्ये होता, पुढे वगळला गेला. तात्पर्य, ज्या मुलाला कुसाळेच्या वाटेने जायचे आहे, त्याने दुर्बिणीवर एक पैसाही खर्च करू नये.

मग दुर्बिणीविना हे खेळाडू नेम धरतात तरी कसा? हे समजून घेतले, तर दुर्बिणीचे गुणदोष आपोआप कळतात.

नेम म्हणजे झाकणे नव्हे

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यपत्रावर दहा गुणांचा मध्यबिंदू केवळ अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. निरोगी डोळा साधारणपणे एक कोनीय मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या अंतरावरील दोन बिंदू वेगळे ओळखू शकतो. १० मीटरवर हे अंतर सुमारे २.९ मिलिमीटर भरते. म्हणजे जो बिंदू टिपायचा, तो डोळ्याच्या या मर्यादेच्या सुमारे एकषष्ठांश आहे! तरीही अव्वल खेळाडू तो पुन:पुन्हा टिपतात.

याचे रहस्य असे की, ते त्या बिंदूकडे पाहतच नाहीत. मागच्या साइटच्या बारीक छिद्रातून, म्हणजे 'पीप साइट'मधून, ते पुढच्या साइटच्या कड्याकडे पाहतात. त्या कड्यात लक्ष्याचे ३०.५ मिलिमीटर व्यासाचे काळे वर्तुळ येते, आणि कडे व वर्तुळ यांच्यामध्ये पांढरी पट्टी उरते. ती पट्टी सर्व बाजूंनी सारखी दिसली की नेम लागला. डोळ्याला लहान बिंदू दिसत नाही, पण दोन रिकाम्या जागांतील असमतोल मात्र विलक्षण बारकाईने कळतो. व्हर्नियर कॅलिपरवर दोन रेषा जुळल्या की नाही हे आपण याच शक्तीने ओळखतो. ताण्यातील एखादा धागा सरकला, तर आपल्याकडील विणकराला तो मोजपट्टीवाचून दिसतो, तोही याच शक्तीने.

नेम म्हणजे लक्ष्य झाकणे नव्हे, लक्ष्याभोवतीचा समतोल साधणे होय. हे एक वाक्य आज आपण लक्षात ठेवावे. पुढील सर्व तुलना त्याच वाक्यावर उभी आहे.

दुर्बीण नेमके काय करते?

साध्या उघड्या साइटने नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि दूरचे लक्ष्य अशा तीन वस्तू तीन निरनिराळ्या अंतरांवर असतात. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो, त्यामुळे उरलेल्या दोन अंधूक दिसतात. पीप साइटचे छिद्र ही अडचण बरीच कमी करते. दुर्बीण ती जवळजवळ नाहीशी करते. वस्तुभिंगाने तयार केलेली लक्ष्याची प्रतिमा ज्या प्रतलात पडते, त्याच प्रतलात रेषांची फुली बसविलेली असते. त्यामुळे लक्ष्य आणि फुली एकाच वेळी स्पष्ट दिसतात. दुर्बिणीचा खरा उपकार हा आहे. वस्तू मोठी दिसणे हा दुय्यम लाभ होय.

या कल्पनेचा जनक इंग्लंडमधील तरुण ज्योतिर्विद विल्यम गॅस्कॉइन. आपल्या बऱ्हाणपुरात मुमताजमहलचे निधन १६३१ मध्ये झाले. त्यानंतर अवघ्या आठ-नऊ वर्षांतली ही गोष्ट. गॅस्कॉइनच्या दुर्बिणीत कोळ्याने जाळे विणले आणि त्याचा धागा नेमका नाभीय प्रतलात आल्याने ताऱ्याबरोबर स्पष्ट दिसला, असे सांगतात. गॅस्कॉइन १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला, पण त्याची युक्ती टिकली. भूमापकांच्या थिओडोलाइटमध्ये तीच फुली आली. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे वारले. त्यांनी हा देश मोजला तो अशाच तारांच्या आधाराने. आज कोळ्याच्या धाग्याच्या जागी काचेवर कोरलेल्या रेषा असतात, इतकाच फरक.

आता पराशयाचा विचार करू. प्रयोगशाळेत आपण ज्याला पॅरॅलॅक्स म्हणतो, तोच हा. प्रतिमा आणि फुली एकाच प्रतलात नसतील, तर डोळा हलविताच फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. समजा, ४० मिलिमीटर वस्तुभिंगाची दुर्बीण कारखान्यातून १०० मीटरसाठी जुळवून आलेली आहे आणि आपण ५० मीटरवर नेम धरतो. डोळा अगदी कडेला गेला, तर होणारी चूक १० मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यपत्रावर दहा गुणांच्या वर्तुळाचा सबंध व्यास १०.४ मिलिमीटर आहे. म्हणजे रायफल अचूक, गोळी अचूक, हात स्थिर, आणि तरीही दहा हुकले! यासाठी स्पर्धेच्या दुर्बिणीवर पराशय जुळविण्याचे वेगळे चक्र असते. ते नसलेली दुर्बीण स्वस्तात मिळाली, तरी स्पर्धेच्या कामाची नव्हे.

मोठे दिसणे आणि अचूक दिसणे

नवशिक्याची समजूत असते की, विशालन जितके जास्त तितका नेम चांगला. या समजुतीला तीन मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा प्रकाशाची. वस्तुभिंगाचा व्यास भागिले विशालन, एवढ्या जाडीची प्रकाशशलाका डोळ्यात येते. ५६ मिलिमीटरचे भिंग १० पट विशालनावर ५.६ मिलिमीटरची शलाका देते, तर २५ पटीवर केवळ २.२४ मिलिमीटरची. शलाका बारीक झाली की चित्र मंदावते आणि डोळा किंचित हलताच काळोख होतो.

दुसरी मर्यादा हवेची. चैत्र-वैशाखात तापीकाठच्या काळ्या रानावरून वर येणारी वाफाळलेली हवा आपण सर्वांनी पाहिली आहे. दुर्बीण लक्ष्याबरोबर ती लहरही मोठी करते. मग ४० पटीवर लक्ष्य पाण्यात ठेवल्यासारखे नाचू लागते, आणि जाणता नेमबाज विशालन मुद्दाम उतरवितो. हीच लहर वारा कोणत्या बाजूने वाहतो हेही सांगते. ज्याला ती वाचता येते, त्याला ती गुरू आहे.

तिसरी मर्यादा आपल्या हाताची. विशालनाने हाताचा कंप कमी होत नाही, फक्त दिसू लागतो. जो कंप पाहून घाबरतो, तो घाईने चाप ओढतो.

दोन मापे

रेटिकलवरील खुणा कोनात मोजलेल्या असतात. त्यांची दोन मापे प्रचारात आहेत. एक कोनीय मिनिट १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर व्यापते. दुसरे माप मिलिरेडियन, नेमबाजांच्या बोलीत 'मिल'. ते १०० मीटरवर १० सेंटिमीटर आणि १००० मीटरवर १ मीटर व्यापते. असीरगड येथून उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर आहे. तितक्या अंतरावर एक मिल म्हणजे २० मीटर. एक मिल म्हणजे सुमारे ३.४४ मिनिटे.

या दोहोंत कोणतेही माप श्रेष्ठ नाही. दशमान पद्धतीत शिकलेल्या आपल्या मुलांना मिल सोपे जाते. ज्यावर आग्रह धरला पाहिजे ती गोष्ट निराळी. दुर्बिणीवरील चक्राच्या टिचक्या आणि आतील रेटिकलच्या खुणा एकाच मापातील असाव्यात. चक्र मिनिटांत आणि खुणा मिलमध्ये असतील, तर प्रत्येक वेळी गुणाकार करावा लागतो, आणि स्पर्धेच्या घाईत तो चुकतो.

फुली पुढे की मागे?

कमीजास्त विशालनाच्या दुर्बिणीत फुली बसविण्याच्या दोन जागा आहेत. प्रतिमा सुलट व मोठी करणाऱ्या भिंगांच्या पुढे, म्हणजे पहिल्या नाभीय प्रतलात, ती बसविली, तर विशालन वाढविताना लक्ष्याबरोबर फुलीही तितकीच मोठी होते. त्यामुळे कोणत्याही विशालनावर एक मिलची खूण एक मिलच दाखविते. याउलट, त्या भिंगांच्या मागे, दुसऱ्या नाभीय प्रतलात, ती बसविली, तर लक्ष्य मोठे-लहान होते, पण फुली डोळ्याला सदैव सारखीच दिसते. अशा दुर्बिणीतील खुणा एकाच ठरावीक विशालनावर खऱ्या असतात.

उदाहरण घेऊ. दुसऱ्या प्रकारच्या दुर्बिणीतील खुणा २४ पटीवर खऱ्या आहेत. नेमबाजाने लहर पाहून विशालन १२ पटीवर आणले आणि ते विसरून तीन खुणा वर धरले. आता प्रत्येक खूण दोन मिलची झाली आहे, म्हणून तीनऐवजी सहा मिल धरले गेले. ५०० मीटरवर गोळी दीड मीटर वरून जाईल.

यावरून पहिला प्रकार नेहमीच चांगला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु त्याचाही दोष आहे. त्यातील रेषा कमी विशालनावर केसासारखी बारीक होऊन दिसेनाशी होते. शिवाय जास्त विशालनावर ती लक्ष्याचा जेवढा भाग झाकत होती, तेवढाच झाकत राहते. ०.०५ मिल जाडीची रेषा १००० यार्डांवर सुमारे साडेचार सेंटिमीटर झाकते, मग विशालन कितीही वाढवा. दुसऱ्या प्रकारात विशालन वाढवीत गेले की रेषा लक्ष्याच्या मानाने बारीक होत जाते. म्हणून निवड करण्यापूर्वी विचारावे, "माझी स्पर्धा मला कोणता प्रश्न घालते?"

स्पर्धेचा प्रश्न आणि दुर्बिणीचे उत्तर

'एफ क्लास' हा लांब पल्ल्याचा प्रकार कॅनडाच्या जॉर्ज फर्क्वारसन यांच्या नावाच्या आद्याक्षरावरून ओळखला जातो. त्यात झोपून, रायफलीला पुढे आधार देऊन, ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या लक्ष्यावर नेम धरतात. १००० यार्डांवर दहा गुणांचे वर्तुळ १० इंचांचे, म्हणजे सुमारे एक कोनीय मिनिटाचे असते, आणि त्याच्या आतील वर्तुळ ५ इंचांचे. येथे अंतर माहीत आहे, लक्ष्य माहीत आहे. प्रश्न एवढाच की, मध्य नेमका कोठे आणि वारा किती. येथे दुसऱ्या नाभीय प्रतलातील बारीक फुली आणि तिच्या मध्यावर मिनिटाच्या आठव्या भागाएवढा ठिपका उपयोगी पडतो. तो १००० यार्डांवर जेमतेम ३.३ सेंटिमीटर झाकतो, आणि त्याच्या भोवती वर्तुळाची जागा चारही बाजूंनी सारखी उरते. पीप साइटच्या कड्यातील पांढऱ्या पट्टीचेच हे दुसरे रूप. नाइटफोर्सची १५ ते ५५ पट विशालनाची किंवा मार्चची ८ ते ८० पट विशालनाची दुर्बीण याच कामासाठी घडविलेली आहे. टेबलावर रायफल ठेवून खेळल्या जाणाऱ्या बेंचरेस्ट प्रकारात तर विशालन बदलण्याचीही गरज नसते. तेथे ४५ पटीसारख्या एकाच विशालनाच्या दुर्बिणी चालतात.

अमेरिकेत २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'प्रिसिजन रायफल सिरीज' या स्पर्धामालिकेचा प्रश्न निराळा आहे. तेथे लहानमोठी लक्ष्ये निरनिराळ्या अंतरांवर असतात, वेळ मोजका असतो आणि आधार अवघड असतात. मध्य कोठे यापेक्षा किती वर, किती बाजूला, हा तेथील प्रश्न. म्हणून तेथे पहिल्या नाभीय प्रतलातील दुर्बिणी रूढ झाल्या. श्मिट अँड बेंडरची ५ ते २५ पट किंवा नाइटफोर्सची ७ ते ३५ पट, ही त्यांची ठळक उदाहरणे. त्यांच्या फुलीखाली खुणा देवदाराच्या झाडासारख्या रुंदावत जातात. एक गोळी हुकली, तर ती कोठे पडली हे त्या झाडावर वाचावे आणि पुढची गोळी तितकीच सरकवून मारावी. पण ही दाट जाळी एफ क्लासमध्ये नेली, तर ती उपकाराऐवजी अडथळाच होते. नजर खुणांवर भटकते आणि समतोल हरवतो.

तिसरा प्रश्न 'फील्ड टार्गेट' या एअर रायफलच्या खेळाचा. येथे सुमारे ५० मीटरपर्यंत मांडलेल्या धातूच्या लक्ष्यांचे अंतर सांगितले जात नाही आणि अंतर मोजण्याचे लेसर यंत्र चालत नाही. खेळाडू जास्त विशालनावर पराशयाचे चक्र फिरवितो. लक्ष्य ज्या क्षणी स्पष्ट होते, त्या क्षणी चक्रावरील आकडा अंतर सांगतो. येथे दुर्बीणच मोजपट्टी होते.

एकाच किमतीच्या तीन उत्तम दुर्बिणी तीन निरनिराळ्या मैदानांवर अशा परस्परांच्या जागी निरुपयोगी ठरू शकतात.

घेण्यापूर्वीची परीक्षा

ज्याच्या स्पर्धेला खरोखर दुर्बीण लागते, त्याने नावाला भुलू नये, परीक्षा घ्यावी. १०० मीटरवर उभा कागद लावून ओळंब्याने त्यावर सरळ रेषा आखावी. खालच्या बिंदूवर नेम धरून चक्र १० मिल वर फिरवावे. गोळ्या बरोबर एक मीटर वर पडल्या पाहिजेत, आणि चक्र उलट फिरविताच पहिल्या जागी परत आल्या पाहिजेत. फुलीची उभी रेषा ओळंब्याशी जुळली पाहिजे. ती एक अंश जरी कललेली असली, तरी १० मिल चढविल्यावर १००० मीटरवर गोळी सुमारे १७ सेंटिमीटर बाजूला जाते. स्प्रिंगच्या एअर रायफलला धक्का पुढे व मागे असा दोन्ही बाजूंनी बसतो. मोठ्या रायफलीवर टिकलेली दुर्बीणही तिच्यावर खिळखिळी होऊ शकते, म्हणून त्यासाठी बनविलेलीच घ्यावी.

आणि विद्यार्थी मित्रहो, एक नियम पाळाच. रायफलीवरील दुर्बीण ही पाहण्याची दुर्बीण नव्हे. तिने जिकडे पाहाल, तिकडे नळीचे तोंड वळते. लक्ष्याखेरीज कशाकडेही, विशेषतः माणसाकडे, तिच्यातून पाहू नये. रायफल रिकामी आहे, ही सबब येथे चालत नाही.

समारोप

तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक विजेतेपद मिळविले, तेही दुर्बिणीवाचून. हे मी दुर्बिणीला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. १००० यार्डांवर पाच इंचांचे वर्तुळ शोधण्यास ती हवीच. परंतु छिद्रातून पाहणारा असो की ५५ पट विशालनातून पाहणारा असो, दोघांचा डोळा काम एकच करतो. उरलेल्या जागा चारही बाजूंनी सारख्या आहेत की नाहीत, हे तो पारखतो. हे पारखणे विकत मिळत नाही. ते सरावाने येते, आणि सराव साध्या साइटवरही करता येतो.

म्हणून पालकांना माझी विनंती अशी की, मुलाला प्रथम मैदानावर न्यावे. त्याची स्पर्धा कोणती, तिचे नियम काय, हे प्रशिक्षकाकडून समजून घ्यावे, आणि मगच पैशाची गाठ सोडावी. पहिली दोन वर्षे जो पैसा वाचेल, तो छर्‍यांवर, प्रवासावर आणि प्रशिक्षणावर खर्च व्हावा.